हात थांबले तरी राखण सुटत नाही: पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एका ताईंचं प्रकरण

जानेवारीतल्या एका बुधवारी दुपारी तीनला त्या माझ्या सदाशिव पेठेतल्या समुपदेशनाच्या खोलीत आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत डब्यांच्या हिशेबाची वही, वहीला अडकवलेलं पेन. खुर्चीत बसल्या, पण पाठ टेकवली नाही. "मॅडम, मला झालंय असं काही नाही. नुसता शीण आलाय, तो जात नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. पुढच्या चाळीस मिनिटांत त्यांचा मोबाइल अठरा वेळा वाजला. अठराही वेळा त्यांनी तो उचलून पाहिला आणि दर वेळी मला "सॉरी हं" म्हणाल्या.

शीण हा शब्द त्यांनीच वापरला आणि तो अगदी नेमका होता. दमलेला माणूस बसला की दम जातो. शीण बसून जात नाही, झोपूनही जात नाही. पुढच्या आठ महिन्यांत आम्ही दोघींनी जे काम केलं ते या एका फरकाभोवती फिरत राहिलं.

हे प्रकरण त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. मसुदा त्यांनी वाचला आहे, दोन ठिकाणी खोडून दुरुस्तही केला आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना ताई म्हणत आले, इथंही तेच म्हणते.

ताई ४६ वर्षांच्या. कर्वेनगरमध्ये तळमजल्यावरच्या घरात अकरा वर्षं पोळीभाजी केंद्र चालवतात. सकाळी ६५ डबे, संध्याकाळी ४० च्या आसपास. पोळ्या लाटायला दोन मावशी येतात, डबे पोचवायला एक मुलगा आहे. भाजी, आमटी, कोशिंबीर, हिशेब, गिऱ्हाइकांचे फोन हे सगळं ताईंकडे. नवरा भोसरीच्या एका कारखान्यात, सकाळी सातला घर सोडतो. मुलगी बारावीला. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे आणि गुडघ्यांमुळे बाहेर फिरणं जवळजवळ बंद.

तक्रारी सात-आठ महिन्यांपासूनच्या होत्या. पहाटे तीनला जाग यायची आणि डोळे उघडताच डोक्यात आकडे सुरू व्हायचे: कणीक किती, सिलिंडर किती दिवस जाईल, पेइंग गेस्ट मुलींपैकी कुणाचे पैसे राहिलेत. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा, कारण रात्रभर दात आवळलेले असायचे. भाजीत दोनदा मीठ पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. मुलीवर ओरडायच्या आणि मग न्हाणीघरात जाऊन रडायच्या. गॅस बंद केलाय का हे पाहायला जिन्यापासून परत फिरायच्या, एकदा नाही, तीनदा.

सगळ्यांनी एकच सल्ला दिला होता: चार दिवस कुठंतरी जाऊन ये. त्या गेल्याही होत्या. डिसेंबरात दोन दिवस केंद्र बंद ठेवून दापोलीजवळ मुरुडला. "समुद्र समोर होता मॅडम, आणि मी फ्रीजमधल्या पनीरचा विचार करत होते," त्या म्हणाल्या. परतल्या त्या आणखी शिणून, वर अपराधी वाटून. सगळे म्हणत होते आराम कर, आराम केला, तरी काही झालं नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला होता. विश्रांती घेऊनही विश्रांती न मिळालेली माणसं बहुतेक वेळा याच निष्कर्षापाशी येतात. मला तो मोडून काढणं सगळ्यात तातडीचं वाटलं.

आधी शरीर

गप्पांना सुरुवात करण्याआधी मी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे परत पाठवलं. धडधड आणि थकवा घेऊन आलेल्या माणसाला लगेच "चिंता आहे" म्हणणं धोक्याचं असतं. थायरॉइड बिघडला तरी धडधडतं, रक्त कमी असलं तरी दम लागतो, आणि पंचेचाळिशीच्या आसपास पाळीच्या बदलांमुळेही झोप मोडते. ताईंचा ईसीजी आणि थायरॉइड नीट निघाले. हिमोग्लोबिन मात्र ९.८ आणि बी-१२ कमी. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं तो रक्तक्षय. शंभरेक डबे भरणारी बाई स्वतः उभ्या उभ्या, उरलेली पोळी चहात बुडवून खात होती. लोहाच्या गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली.

ईसीजी नीट आल्यावर तिथं कुणीतरी त्यांना "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असं सांगितलं होतं. सांगणाऱ्याला धीरच द्यायचा होता. ताईंनी त्याचा अर्थ घेतला तो असा, की आपण नाटक करतो असं यांना वाटतंय. तपासणीत हृदय चांगलं निघणं ही आनंदाची बातमी आहे, पण ती देताना "तुम्हाला होतंय ते खरं आहे, त्याचं कारण वेगळं आहे" एवढं वाक्य जोडायला हवं. फार वेळ लागत नाही त्याला.

दुसऱ्या भेटीत मी चिंतेची सात प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. 'जीएडी-७' नावाची ही प्रश्नावली २००६ पासून जगभर वापरात आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासून पाहावं लागतं. ताईंचे १४ आले. नैराश्याच्या नऊ प्रश्नांत ९ आले, म्हणजे सौम्य. त्यातला शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा असतो आणि तो मी कधी घाईनं विचारत नाही. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मरावंसं नाही वाटत. पण एखादा दिवस मी कुणाला दिसूच नये असं वाटतं." दोन्हींतला फरक मी पुन्हा विचारून खात्री करून घेतला. तरीही मानसिक आरोग्यासाठी असलेल्या सरकारच्या टेलिमानस या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. त्यांना तो लावायची वेळ आली नाही. "आहे म्हणून बरं वाटतं," असं मात्र त्या नंतर दोनदा म्हणाल्या.

तिसऱ्या भेटीत, निघता निघता, दाराशी उभ्या राहून त्यांनी सांगितलं की शेजारच्या काकूंच्या झोपेच्या गोळीतली अर्धी त्या अधूनमधून घेतात. अधूनमधून म्हणजे किती? "आठवड्यातून चार वेळा." किती दिवस? "दसऱ्यापासून." गोळी अल्प्राझोलामची होती. मी त्यांना परत बसवलं. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात, कारण शरीराला त्यांची सवय लागते आणि सवय लागल्यावर एकदम बंद केल्या तर अस्वस्थता दुप्पट होऊन परत येते. म्हणून मीही "आजपासून बंद" म्हणाले नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी ती गोळी हळूहळू कमी करत आणली आणि चिंतेवरचं, सवय न लावणारं दुसरं औषध लहान मात्रेत सुरू केलं. हे औषध लागू पडायला तीन-चार आठवडे लागतात, सुरुवातीला पोटात ढवळतं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवल्यामुळे ताईंनी ते पहिल्या आठवड्यात सोडलं नाही. काकूंच्या गोळीला सगळं घर "साधी गोळी" म्हणत होतं आणि डॉक्टरांच्या गोळीला घाबरत होतं. हे चित्र मी अनेक घरांत पाहिलं आहे. पाहिलं की जीव तुटतो.

दहा ते अकरा

शीण नेमका कशाचा, हे शोधायला मी एक आठवड्याची नोंद मागितली. किती काम केलंत ते लिहू नका, म्हटलं. डोक्यात कुणी काय टाकलं ते लिहा. ताईंना वहीची सवय होतीच. शुक्रवारच्या पानावरचा एक तास त्यांच्याच शब्दांत देते.

"१०.०५ मावशी विचारतात, आणखी कणीक भिजवू का. १०.०७ फोन, आज भाजी काय. १०.०८ आईंना पाणी हवं. १०.११ मेसेज, उद्या डबा नको. १०.१२ मेसेज, कालचे पैसे पाठवले का बघा. १०.१५ दुसऱ्या मावशी उद्या उशिरा येणार. १०.१६ मनात, उद्या मग पोळ्या कोण. १०.१९ ह्यांचा फोन, लाइट बिल भरलं का. १०.२० मनात, आईंची साखरेची गोळी संपत आलीय. १०.२२ डबेवाला पोरगा, पेट्रोलला पैसे..."

पान असंच खालपर्यंत भरलेलं होतं. फोन पिठाचे हात लागू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कट्ट्यावर ठेवलेला असे आणि त्या पिशवीवरूनच बोट फिरवत. संपूर्ण दिवसात ६१ नोंदी होत्या. आम्ही एकेक वाचून खूण केली: हे फक्त ताईंनाच सांगता आलं असतं, हे दुसऱ्या कुणालाही. फक्त ताईंच्याच म्हणाव्यात अशा नऊ निघाल्या.

नऊ हा आकडा पाहून त्यांनी जे सांगितलं त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं राहिलं. त्यांचं माहेर पुरंदर तालुक्यातलं, वडिलांची, म्हणजे दादांची, अंजिराची बाग. फळ धरलं की रात्री राखण असायची. "दादा रात्रभर नुसते बसून असायचे. हातात काम नाही काही. पण सकाळी बघितलं तर नांगर धरल्यासारखे दमलेले. आई म्हणायची, बसून तर होता. दादा म्हणायचे, बसून नव्हतो, जागा होतो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी पण राखणीलाच बसलेय की."

चिंतेचं शरीरातलं काम यापेक्षा चांगलं मला समजावता आलं नसतं. धोका येईल या अपेक्षेनं मेंदू शरीराला सज्ज ठेवतो. स्नायू ताठ, श्वास वरवरचा, झोप सावध. धोका खरंच आला तर ही सज्जता उपयोगाची असते आणि तो टळला की उतरते. पण राखणीत टळण्याचा क्षणच येत नाही, पुढचा मेसेज कधीही येऊ शकतो. मुरुडच्या समुद्रासमोर ताईंचे हात थांबले होते, राखण चालूच होती. म्हणून ती सुट्टी लागू पडली नाही.

कामाच्या ताणातून येणाऱ्या अशा रिकामेपणाला हल्ली सर्रास 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली, तेव्हा तो आजार नाही आणि तो फक्त नोकरी-व्यवसायाच्या संदर्भात वापरायचा शब्द आहे असं स्पष्ट केलं. ताईंच्या बाबतीत ही रेघ कुठं ओढायची? त्यांचा व्यवसाय आणि घर एकाच कट्ट्यावर चालतं. सासूबाईंचा चहा आणि गिऱ्हाइकाची आमटी शेजारशेजारच्या शेगड्यांवर असते. म्हणून मी त्या नावात अडकले नाही.

माझी चूक

पहिल्याच महिन्यात मी त्यांना रोज वीस मिनिटं श्वासाचा सराव दिला होता. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. पुढच्या भेटीत त्या वही उघडून बसल्या आणि पानावर फुल्या दाखवू लागल्या. सातपैकी दोन दिवस झाला, पाच दिवस नाही. "मॅडम, हे पण राहिलं माझं," म्हणताना त्यांचे डोळे भरले. ६१ नोंदींच्या डोक्यात मी बासष्टावी घातली होती. उपाय चांगला होता, पण तो कुणाच्या दिवसात टाकतोय हे मी पाहिलं नव्हतं.

मग तो सराव आम्ही त्यांच्या हातातच बसवला. डब्याचे कप्पे एकावर एक ठेवले की बाजूची कडी दाबून बंद करायची असते. कडी बसली की तोंडानं हळू श्वास सोडायचा, घेतला त्यापेक्षा लांब. फक्त पहिल्या दहा डब्यांना. श्वास लांब सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, ही शरीराची रचनाच आहे, त्यासाठी वेगळं आसन लागत नाही. तीन आठवड्यांनी पोळ्यावाल्या मावशींनी विचारलं, "ताई, तुम्ही कडी लावताना फुंकर का मारता?" मग त्याही मारू लागल्या.

चहाचं थोडक्यात सांगते. दिवसाला सात कप होते, शेवटचा रात्री नऊला. चहा-कॉफीतलं कॅफीन अर्धं उतरायलाच पाच-एक तास लागतात. शेवटचा कप संध्याकाळी पाचवर आणला, एकूण चारवर.

साडेचारची खुर्ची

पहाटे तीनच्या आकड्यांसाठी मी जुनाच, पण मला फार भरवशाचा वाटणारा उपाय घेतला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी तो १९८३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर मांडला. चिंता करू नकोस असं मनाला सांगून ते ऐकत नाही, म्हणून तिला जागा आणि वेळ नेमून द्यायची. रोज एकच वेळ, एकच ठिकाण. एरवी चिंता आली की तिला "तुझ्या वेळेला ये" म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं आणि ती वेळ आली की खरंच बसून चिंता करायची.

ताईंनी साडेचार ते पावणेपाच ठरवलं. सकाळचे डबे धुऊन झालेले, संध्याकाळची भाजी चिरायला अजून अवकाश. मागच्या बाजूला तुळशीजवळ प्लॅस्टिकची खुर्ची. वहीच्या शेवटच्या पानापासून उलटं लिहीत यायचं. पहिले चार दिवस काही जमलं नाही. पहाटे "साडेचारला" म्हटलं की मन विचारायचं, आणि तोवर विसरलीस तर? म्हणून उशाशी चिठ्ठी ठेवली. एक शब्द लिहायचा, "सिलिंडर", आणि कूस बदलायची. सहाव्या दिवशी त्या खुर्चीत बसल्या आणि पहाटेच्या पाच चिठ्ठ्या वाचल्या. त्यांतल्या तीन त्यांना वाचूनही आठवेनात.

"शिळ्या झाल्या होत्या," त्या म्हणाल्या. उरलेल्या दोन खऱ्या होत्या आणि त्यांवर काही करता येण्यासारखं होतं. एकीसाठी त्यांनी तिथंच गॅस एजन्सीला फोन लावला.

'च'

वहीत आणखी एक गोष्ट दिसत होती. "भाजी रोज चांगलीच झाली पाहिजे." "फोन लगेचच उचलायला हवा." "आईंना वाट बघायला लागताच कामा नये." अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला जी विवेकनिष्ठ विचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडक्यांनी जी मराठी वाचकांच्या घरात आणली, तिचा गाभा हाच: इच्छा ठेवा, हट्ट सोडा. इंग्रजीत त्यासाठी लांब स्पष्टीकरण लागतं, आपल्याकडे तो हट्ट एका अक्षरात पकडता येतो. मी ताईंना लाल पेन दिलं आणि प्रत्येक 'च' ला गोल करायला सांगितलं. मग ते वाक्य 'च' काढून मोठ्यानं वाचायचं. "भाजी रोज चांगली झाली पाहिजे." यात काळजी आहे, कसब आहे, गिऱ्हाइकाची कदर आहे. फाशीचा दोर तेवढा नाही.

नुसतं वाचून मात्र भागत नाही, करून पाहावं लागतं. त्यांच्या मते रात्री आठनंतर मेसेजना उत्तर दिलं नाही तर निदान वीस गिऱ्हाइकं जातील. हा आकडा आम्ही तारीख घालून वहीत लिहिला. फेब्रुवारीच्या मध्यापासून आठनंतर फोन कपाटात, आणि सगळ्यांना आधी सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवसाचा डबा नको असेल तर आठच्या आत कळवा. महिन्याभरात दोन गिऱ्हाइकं गेली. एक मुलगी हिंजवडीला राहायला गेली म्हणून, दुसऱ्यानं खरंच रागावून सोडलं. त्याचा ताईंना दोन दिवस त्रास झाला. त्या दोन दिवसांत मी समजूत काढली नाही. कुणीतरी आपल्यावर नाराज आहे आणि आपण तरीही पोळ्या करतो आहोत, हे त्यांनी अनुभवायला हवं होतं.

गुरुवारी बऱ्याचदा पाणी बंद असतं, त्या दिवशी त्यांची सगळ्यात जास्त घालमेल व्हायची. गुरुवारी मसालेभात आणि कढी असं कायमचं ठरवून टाकलं. मग बाकीच्या दिवसांचंही वेळापत्रक छापून दारावर लावलं. "आज भाजी काय" हे फोन त्यामुळे जवळपास बंद झाले.

सांगायला हवं

घरातला भाग सगळ्यात अवघड गेला. मार्चमध्ये त्यांचे यजमान एकदा भेटायला आले. सरळ माणूस. म्हणाले, "मी कधीच नाही म्हणत नाही. तिनं फक्त सांगायला हवं." ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

देशाच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७. मी हे आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, ही हातांची मिनिटं आहेत. गोळी संपत आलीय हे लक्षात ठेवायला किती मिनिटं लागतात ते यात धरलेलं नाही. "सांगायला हवं" हेच ते काम आहे, आणि तेच तुम्हाला घ्यायचं आहे. त्यांनी बराच विचार करून विचारलं, "म्हणजे आईंच्या गोळ्यांचं सगळं माझ्याकडे?" सगळं. पाकिटात किती उरल्या हे बघण्यापासून दुकानातून आणण्यापर्यंत.

अवघड होतं ते ताईंसाठी. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी त्यांनी पाकीट पाहिलं, दोनच गोळ्या होत्या. आमचं ठरलं होतं की डोस खरोखर चुकणार असेल तर बोलायचं, त्याआधी नाही. सासूबाईंच्या जिवाशी खेळून मला काही शिकवायचं नव्हतं. सोमवार गेला. मंगळवारी सकाळी शेवटची गोळी गेली, पुढची बुधवारी सकाळी. संध्याकाळी यजमान आले, जेवले, टीव्ही लावला. ताईंनी नंतर सांगितलं की त्या ओट्यापाशी उभ्या राहून तोच तो तवा घासत होत्या, दहा मिनिटं, कारण हात थांबले असते तर तोंड उघडलं असतं. साडेनऊला यजमान पाणी प्यायला उठले, आईच्या खोलीत डोकावले, आणि पायात चपला सरकवून गाडीची किल्ली शोधू लागले. कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं होतं. कर्वे पुतळ्यापर्यंत जाऊन, दहा वाजता, तीन पाकिटं घेऊन आले. "एकदम तीन आणली," ताई मला सांगत होत्या, "आणि मोबाइलवर आठवण लावली. मी काही बोलले नाही." त्या रात्री त्या सहा तास सलग झोपल्या.

नळ स्टॉप

एप्रिलमध्ये घसरगुंडी झाली. मुलीची सीईटी जवळ आली होती, एक मावशी गावाला गेली होती. डेक्कनकडे स्कूटरवरून जाताना नळ स्टॉपच्या सिग्नलला ताईंची छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या, आता पडणार असं वाटलं. गाडी कडेला घेतली आणि पुलाच्या खांबापाशी बसून राहिल्या. छातीतला असा त्रास पहिल्यांदाच आला तर आधी डॉक्टरच गाठायचा असतो, पण त्यांची तपासणी ताजी होती आणि ही लाट काय असते हे आम्ही बोललो होतो. भीतीनं श्वास भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं मुंग्या येतात, मुंग्यांची भीती वाटते, श्वास आणखी भरभर. काही मिनिटांत लाट शिगेला जाते आणि ओसरते, आपण तिला ढकललं नाही तर. त्यांनी डब्याची कडी आठवली आणि फुंकर मारत बसल्या.

दुसऱ्या दिवशी यजमान म्हणाले, आतल्या रस्त्यानं जात जा. प्रेमानं म्हणाले. मी फोनवर ताईंना सांगितलं, आज त्याच सिग्नलवरून जा, जमलं तर दोनदा. टाळलेला रस्ता एक असतो, महिन्याभरात ते चार होतात. त्या गेल्या. दुसऱ्यांदा जाताना सिग्नलला भाजीचा हिशेब करत होत्या, म्हणजे भीतीला जागा उरली नव्हती.

सप्टेंबर

अकरा भेटी झाल्या. जीएडी-७ चे गुण १४ वरून ६ वर आले, हिमोग्लोबिन ११.९ वर. यात लोहाच्या गोळीचा वाटा किती, मानसोपचारतज्ज्ञांच्या औषधाचा किती, खुर्चीचा किती आणि त्या तीन पाकिटांचा किती, हे वेगळं काढता येत नाही आणि मी काढायचा प्रयत्नही करत नाही. औषध अजून चालू आहे. बरं वाटू लागल्यावरही काही महिने ते घ्यायचं असतं आणि डॉक्टरांच्या सांगण्यानंच उतरवायचं असतं. जबडा आता दुखत नाही. पहाटेची जाग आठवड्यातून एक-दोनदा येते. सासूबाई रात्री अजून ताईंनाच हाक मारतात, त्यावर आम्हाला तोडगा सापडलेला नाही. सकाळचे डबे ६५ चे ५२ झाले आहेत. तेरा डब्यांचे पैसे कमी होणं त्या घराला जाणवतं, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीचं पहिलं वर्ष आहे. हा भार चिंतेच्या कुठल्याही उपायानं हलका होत नाही आणि तो हलका आहे असं मी त्यांना कधी म्हटलं नाही.

परवाच्या भेटीत त्यांनी पाठ टेकवली होती. फोन पिशवीत होता. बोलणं दिवाळीच्या फराळावर आलं. गेल्या वर्षी सगळे जिन्नस मिळून ऐंशी किलोच्या ऑर्डरी घेतल्या होत्या आणि नंतर आठवडाभर आडव्या होत्या. यंदा फक्त चिवडा आणि चकली, तीस किलोच्या वर घ्यायचं नाही, असं त्या म्हणतात. लाडवांचं विचारणाऱ्यांना काय सांगायचं ते अजून ठरत नाहीये. भाजणी दळून आणायचं काम मुलीनं मागून घेतलं आहे.